आपले पीठ, परकी भट्टी

पंजाबात खरड नावाचे एक गाव आहे. मराठी माणसाच्या कानांना हे नाव ऐकताच प्रथम खरडपट्टी आठवते, किंवा घाईघाईने कागदावर ओढलेल्या चार ओळी तरी आठवतात. त्या गावाचा ह्या दोहोंशी काहीएक संबंध नाही. चंदीगडपासून पश्चिमेकडे मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर ते वसलेले आहे. आज चंदीगडच्या छायेतील एक वाढते उपनगर एवढीच त्याची ओळख राहिली असली, तरी वयाचा मान पाहू गेल्यास नाते उलटे आहे. ज्या खेड्यांच्या शेतजमिनींवर पंजाबची ती नवी राजधानी उभी राहिली, ती खेडी अंबाला जिल्ह्यातील खरड तहसिलीत मोडत होती. १९६६ साली पंजाबची पुनर्रचना झाली तेव्हा खरड अंबाल्यातून निघून रोपड जिल्ह्यात गेले, आणि २००६ साली मोहालीचा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्यात आले. थोडक्यात म्हणजे, गाव जागच्या जागी राहिले आणि जिल्हे त्याच्यावरून येत-जात राहिले.

कन्येच्या नोकरीनिमित्त एक हिवाळा मला ह्या गावी काढावा लागला. तेथील थंडी आपल्याकडच्या थंडीसारखी गुलाबी वगैरे नसते. सकाळी नऊ वाजेपर्यंत समोरची इमारत धुक्यात बुडालेली असे. अशाच एका सकाळी शेजारच्या बीबीजी एका हाती पत्र्याचा रिकामा डबा आणि दुसऱ्या हाती भरलेली पिशवी घेऊन निघालेल्या मला दिसल्या. पिशवीत घरच्या गव्हाचा आटा, कढवलेले तूप आणि साखर होती. मी विचारले, "एवढे सामान घेऊन सकाळीच कोणीकडे?" त्या म्हणाल्या, "बिस्किटे करायला. चला की तुम्हीही, बहेनजी."

मी गेले. गल्लीच्या टोकाशी एक साधी बेकरी होती, आणि तिच्या दाराशी अशाच डबे घेतलेल्या सात-आठ बायका रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीचे सामान वेगळे तोलले जाई, वेगळे मळले जाई आणि वेगळ्या पत्र्यांवर मांडून भट्टीत सरकवले जाई. किलोभर आट्यास अर्धा ते पाऊण किलो तूप आणि साधारण तितकीच साखर, असा हिशेब. कोणी त्यात बडीशेप घालवी, कोणी ओवा घालून खारी करवी. तासा-दीड तासाने ज्याच्या त्याच्या डब्यात ज्याची त्याची बिस्किटे भरून मिळत. बेकरीवाला मजुरी तेवढी घेई. पंजाबात ही रीत गावोगाव आहे, आणि हिवाळ्यात घरी बिस्किटांचा डबा भरलेला असणे हे तेथे घर चालते असल्याचे लक्षण मानतात. परतताना बीबीजींनी ह्या साऱ्या व्यवहाराचे सार एका वाक्यात सांगितले : "पीठ आपले, तूप आपले, आग तेवढी त्याची."

ते वाक्य ऐकले आणि मला माझ्या आजीची आठवण झाली. पुण्यातील आमच्या घरी आजीच्या हयातीत बेकरीचा पदार्थ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. आमच्या वडिलांची बिस्किटे बाहेरच्या खोलीतील फडताळात असत. घरात कोणी तापाने पडले आणि डॉक्टरांनी चहा-बिस्किट सांगितले, की आजी तेवढ्यापुरती नजर दुसरीकडे वळवी. औषधाला विटाळ नाही, अशी तिची समजूत होती. मैदा, तूप, साखर ह्यांवर तिचा राग नव्हता. तिची हरकत होती ती एकाच गोष्टीला : ते कोणाच्या हाताने मळले, आणि कोणाच्या आगीवर भाजले, हे ठाऊक नाही! म्हणजे बीबीजींनी जी गोष्ट "तेवढी" ह्या एका शब्दात सहज सोडून दिली, तीच आजीच्या दृष्टीने सर्वस्व होती. माझ्या आजीची ही हरकत एकटीची नव्हती. आपल्या महाराष्ट्राच्या गेल्या तीनचारशे वर्षांच्या सामाजिक इतिहासात ह्या हरकतीने बरेच मोठे काम केलेले आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावा, असा माझा विचार आहे.

बिस्किट हा शब्द मूळचा लॅटिन घराण्यातला, आणि त्याचा अर्थ आहे 'दोनदा भाजलेले'. एकदा पाव भाजावा, त्याचे काप करावे, आणि ते पुन्हा भट्टीत ठेवून त्यांतील ओलावा पार घालवावा, म्हणजे ते महिनोन्‌महिने टिकतात. ह्या व्याख्येने पाहिले तर आपण ज्याला टोस्ट म्हणतो तोच खरा बिस्किट होय. युरोपातील गलबते लांबच्या सफरींवर निघू लागली ती असल्या दगडासारख्या बिस्किटांच्या शिधोरीवर. आपल्या किनाऱ्याला पोर्तुगीज लागले तेही ह्याच शिधोरीसह.

१५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १५३४ साली वसई. हे लोक गव्हाचा पाव खाणारे. आपल्याकडे पाव फुगवण्याचे किण्व नव्हते. परंतु माड होते, आणि माडाची सूर होती. सुरेने पीठ आंबवून पाव भाजण्याची कला गोव्यात रुजली. साष्टीतील माजोर्डे हे गाव ह्या कलेचे माहेर असल्याचे सांगतात. पाववाल्याला गोव्यात आजही 'पोदेर' म्हणतात, तो 'पादेइरु' ह्या पोर्तुगीज शब्दाचाच घरगुती अवतार आहे. परंतु पावाबरोबर एक दहशतही आली. गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकला, आणि नकळत ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, अशी कथा गोव्यापासून वसईपर्यंत लोकांच्या तोंडी आहे. अशी घटना प्रत्येक ठिकाणी अक्षरशः घडली असेल असे नव्हे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली ह्यावरून भाकरी आणि पाव ह्यांच्यामध्ये समाजाने केवढी भिंत उभी केली होती ते दिसते. एक तुकडा पाण्यात पडला आणि माणसाचा धर्म गेला! ज्यांनी तो तुकडा टाकला त्यांची क्रूरता उघड आहे. पण ज्यांनी त्या पाण्यामुळे आपल्याच भावंडांना घराबाहेर ठेवले, त्यांच्या कठोरपणाचा उल्लेख आपण सहसा करीत नाही.

ह्या भिंतीला पहिले भगदाड पाडण्याचा प्रयत्न मराठी माणसांनीच केला. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी परमहंस सभा स्थापन केली. दादोबा म्हणजे आपल्या मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून गौरवले गेलेले गृहस्थ. राम बाळकृष्ण जयकर हे सभेचे अध्यक्ष होते. जातिभेद मोडणे हा सभेचा उद्देश. आणि तो नुसता बोलून दाखवून चालत नसे. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांदेखत खावा लागे. हीच तिची दीक्षा! ज्या तुकड्याने माणूस बाटतो तोच तुकडा बुद्ध्या खाऊन, बाटणे ही गोष्टच खोटी आहे असे सिद्ध करावयाचे, ही कल्पना विलक्षण धैर्याची होती, ह्यात संशय नाही. तथापि ते धैर्य बंद दाराआडचे होते. सभा गुप्तपणे भरे. पुढे १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे बाहेर फुटणार असे झाले, आणि सभा मोडली. पाव खाण्याचे धैर्य अनेकांना झाले होते; खाल्ला असे गावात सांगण्याचे मात्र झाले नाही. त्यांना हसण्यापूर्वी आपण एवढे ध्यानात घ्यावे, की गावात सांगणे म्हणजे त्या काळी बायको माहेरी जाणे, मुलीचे लग्न मोडणे आणि बापाच्या श्राद्धाला ब्राह्मण न मिळणे असे होते.

ह्यानंतर तीस वर्षांनी पुण्यात जे घडले ते अधिक प्रसिद्ध आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणि तरुण गोपाळ कृष्ण गोखलेही होते. व्याख्यानानंतर मिशनमधील बायकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आणून ठेवली. काहींनी घेतली, काहींनी यजमानांचा मान राखावा म्हणून पेला हाती घेतला आणि तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, हे मोठे विक्षिप्त आणि खोडकर गृहस्थ होते. त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे-वैभव' पत्रात छापवून आणली, आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, शास्त्रार्थ झाले, बहिष्कार पडला. खुद्द टिळकांच्या घरच्या धर्मकार्यास भटजी मिळणे कठीण झाले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलेले आहे, असा बचाव टिळकांनी पुढे केला. रानड्यांनी १८९२ साली, बरोबरच्या मित्रांची अडचण जाणून, स्वतः प्रायश्चित्त घेतले. आणि त्याबद्दल सुधारकांनी त्यांना जे बोल लावले ते सनातन्यांच्या बोलांहून सौम्य नव्हते. रमाबाई रानडे ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हा सारा मनस्ताप नोंदवून ठेवला आहे.

आज आपण हे प्रकरण ऐकतो आणि हसतो. दोन घोट चहा आणि एक बिस्किट ह्यांपायी देशातील मोठमोठ्या बुद्धिमंतांची दोन वर्षे खर्ची पडावी, हे खरोखरीच हसण्याजोगे आहे. परंतु प्रश्न बिस्किटाचा नव्हताच. दुसऱ्याच्या आगीवर शिजलेले अन्न आपण त्याच्या पंक्तीस बसून खाऊ शकतो की नाही, हा तो प्रश्न होता. आणि ज्यांच्या हातचे पाणीदेखील कोणी घेत नसे अशा लाखो माणसांच्या दृष्टीने तो प्रश्न दोन वर्षांचाही नव्हता; तो जन्माचा होता. त्यांना चौकशीस बोलावण्याचा मान कोणी दिला नाही.

मजेची गोष्ट अशी, की जे काम सभांना आणि शास्त्रार्थांना जमले नाही ते बाजाराने हळूहळू केले. मात्र त्याने ते आपल्या पद्धतीने केले. लोकांची चव बदलली आहे, पण भीती गेलेली नाही, हे व्यापाऱ्यांनी ओळखले. १८९८ साली दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली. उच्च जातीच्या हातांनी केलेली बिस्किटे, हेच तिचे भांडवल होते. म्हणजे बिस्किट शिरले, पण भिंत डोक्यावर घेऊन शिरले. सुरतेच्या नानकटाईची कथाही ह्याच अंगाने सांगतात. डच वखारीच्या लोकांसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या डच निघून गेल्यावर ओस पडू लागल्या. तेव्हा पारशी भट्टीवाल्यांनी अंडे आणि ताडी वगळून, तूप-साखर-पीठ एवढ्यावरच नवा पदार्थ बेतला, आणि तो सर्वांच्या घरी चालू लागला. कथेतला तपशील कसाही असो, अंड्याविना आणि आंबवल्याविना होणारे बिस्किट आपल्या देशात का फोफावले ह्याचे उत्तर त्यात आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातील यझ्द आणि केरमान ह्या प्रांतांकडून झरतुष्ट्री मंडळी मुंबई-पुण्यास आली, आणि त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेले आणि बेकऱ्या थाटल्या. १८९२ साली कलकत्त्यास एका लहानशा घरात ज्या धंद्याचा आरंभ झाला त्याचीच पुढे ब्रिटानिया कंपनी झाली. १९२९ साली विलेपारल्यास पार्लेचा कारखाना निघाला, आणि १९३९ साली तेथे बिस्किटे होऊ लागली. यंत्राने केलेल्या बिस्किटाला हाताचा विटाळ कसला? पुडा बंद, हात अदृश्य! आमच्या आजीच्या पिढीतील कित्येकांनी ह्याच युक्तिवादाने बिस्किट घरात घेतले असावे. आजीने मात्र तेवढीही सवलत घेतली नाही, हे मी तिच्या प्रामाणिकपणाच्या खाती जमा करते.

आता कोणी विचारील, की बाहेरचे चालत नव्हते तर घरीच का केली नाहीत? ह्याचे उत्तर चुलीत आहे. आपली चूल खालून तापते. भाजावयास चारी बाजूंनी कोंडलेली आच लागते. पंजाबात तंदूर होता, आणि तोही पुष्कळदा गल्लीचा सामाईक. 'सांझा चूल्हा' हा शब्दच तेथे प्रेमाने उच्चारला जातो. आपल्याकडे तसे काही नव्हते. मुंबईतील पाठारे प्रभूंच्या घरी भानोल्यासाठी पातेल्याखाली आणि झाकणावर असे दोन्हीकडे निखारे ठेवीत. आणि काही हौशी घरांतून नानकटाईही ह्याच युक्तीने होई. मीही लहानपणी आमच्या एका मावशीकडे झाकणावरचे निखारे फुंकण्याचे काम केले आहे. खालची नानकटाई करपे, वरची पांढरी राही, आणि मधली तेवढी देवापुढे ठेवण्याजोगी उतरे.

परंतु भट्टी नव्हती म्हणून पापुद्र्याचे ज्ञान नव्हते, असे मात्र समजू नये. आपल्या चिरोट्याकडे पाहा. पोळ्या लाटावयाच्या, तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा मध्ये भरावयाचा, एकीवर एक रचून वळकटी करावयाची, कापावयाची, आणि पुन्हा हलक्या हाताने लाटून तळावयाची. बेकरीतील खारी आणि आपला चिरोटा हे सख्खे भाऊ आहेत. एक भट्टीत वाढला, दुसरा कढईत वाढला, एवढाच भेद. पीठ आणि स्निग्ध ह्यांचे थर एकमेकांत मिसळू द्यावयाचे नाहीत, हे तत्त्व दोघांचे एकच. नानकटाईत नेमके उलटे असते. तेथे तूप पिठाच्या कणाकणात मुरवतात, म्हणून ती खुसखुशीत होते, पण तिला पापुद्रा सुटत नाही.

खरडच्या त्या भट्टीवरून परतल्यावर माझ्या कन्येने मला एक आव्हान दिले. घरी विजेची भट्टी आहे, शेजारी ताक मुबलक आहे, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत होतात तशी ताकातील पापुद्र्यांची बिस्किटे करून दाखव. तेथील बिस्किट गोड नसते आणि कडकही नसते. न्याहारीला गरमागरम फोडून लोण्याशी खावयाचा तो एक मऊ, उंच, थरांचा पाव असतो. ताकाविषयी म्हणाल, तर पंजाबच्या खेड्यात 'लस्सी' म्हणजे आपण हॉटेलात पितो ती दाट गोड लस्सी नव्हे. चाटीत दही घुसळून वर लोणी काढले, की खाली उरते ती लस्सी; म्हणजे आपले शुद्ध ताकच. बीबीजींनी तांब्याभर ताक आणि वर लोण्याचा गोळा दिला.

पहिला घाणा साफ फसला. मी कणीक मळतो तशी ती चांगली मळली, आणि जे निघाले त्याने कोयंडा ठोकता आला असता. कारण उघड होते. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळू लागलो, की त्यात एक चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवेच असते. त्यावाचून ती लाटता येणार नाही. बिस्किटाचे मात्र ते वैरी. म्हणून दुसऱ्या खेपेस दोन वाट्या मैदा घेतला, त्यात चमचाभर मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि दोन चमचे बेकिंग पावडर चाळून घेतली. अर्धी वाटी लोणी थंडगार करून, वाटाण्याएवढे तुकडे राहतील अशा बेताने बोटांच्या टोकांनी पिठात मोडले. मग पाऊण वाटी थंड ताक ओतून, गोळा जेमतेम एकत्र येईपर्यंतच हात लावला. तो गोळा थापून त्याची तिहेरी घडी घातली, पुन्हा थापली, पुन्हा घातली. असे चार वेळा. तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, सत्तावीसांचे एक्याऐंशी. चार घड्यांत एक्याऐंशी थर झाले! मग बोटभर जाडीची वडी ठेवून वाटीने सरळ दाबून गोल कापले. वाटी फिरवली तर कडा लिंपल्या जातात आणि थर उघडत नाहीत. हे गोल २२० अंश सेल्सियसच्या आचेत पंधरा मिनिटे ठेवले.

आत जे घडते ते सांगण्यासारखे आहे. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असते. तीव्र आच लागताच त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा मागते. ती थराला थरापासून वर ढकलते, आणि लोण्याच्या जागी पोकळी राहते. कढवलेल्या तुपात हे पाणी नसते, म्हणून तुपाची नानकटाई भुरभुरते पण उंच होत नाही. लोणी थंड हवे ते एवढ्यासाठी, की ते भट्टीपूर्वीच वितळले तर पिठात मुरून जाईल आणि थर राहणारच नाहीत. ताकाचे काम निराळे. त्यातील आंबटपणा सोड्याला भेटला की वायू सुटतो आणि पीठ हलके होते. शिवाय ताकाने ते मऊही राहते. हा वायू ओल लागताच सुटू लागतो, म्हणून कालवल्यावर गप्पा मारीत बसता येत नाही. अमेरिकेत आरंभी ह्या कामी लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार वापरीत. १७९६ सालच्या अमीलिया सिमन्स ह्यांच्या पाकपुस्तकात तो आढळतो. १८४६ पासून तेथे खाण्याचा सोडा तयार करून विकण्याचा धंदा उभा राहिला, आणि मग ताक-सोड्याची ही बिस्किटे घरोघर झाली. आपल्या आयाआज्यांना पापडखार ठाऊक होता, ताक ठाऊक होते, चिरोट्याचा थर ठाऊक होता. साहित्य सारे फडताळात होते. नव्हती ती कोंडलेली आच. आणि जिच्यापाशी ती आच होती तिच्या दाराशी जाण्याची मुभा नव्हती.

दुसरा घाणा उत्तम उतरला. मी सहा बिस्किटे ताटलीत घालून बीबीजींकडे घेऊन गेले. त्यांनी एक फोडून पाहिले, थर मोजण्याचा आव आणला, आणि विचारले, "एकटीनेच केलीत?" मी अभिमानाने होय म्हटले. त्या म्हणाल्या, "चांगली झाली आहेत. पण मग बोललात कोणाशी?"

मला त्याचे उत्तर देता आले नाही. आजीचे स्वप्न मी त्या सकाळी पुरे केले होते : पीठ आपले, हात आपला, आणि आगही आपली. तीत कोणा परक्याचा स्पर्श नव्हता. परंतु आजीने जे भयाने केले असते तेच मी सोयीने केले होते, आणि दाराबाहेरून पाहणाऱ्यास दोहोंतला फरक दिसला नसता. बीबीजींच्या रांगेत मात्र जाट होते, खत्री होते, बिहारातून आलेल्या मजुराची बायको होती, आणि आता मीही होते. एकीचे पत्रे निघाले की दुसरीचे त्याच भट्टीत जात, आणि डबा भरताना प्रत्येकीकडून दोन बिस्किटे उभ्या असलेल्या मुलांच्या हाती पडत. पंजाबात जातिभेद नाही असे मी म्हणणार नाही. तो तेथेही आहे, आणि बोचण्याइतका आहे. परंतु त्या तासाभरापुरती तरी आग एकच होती.

अशा आगी आता कमी होत जाणार. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शहराची हवा पाहता त्यामागील कारण कोणालाही पटेल. भट्टी विजेवर चालली किंवा वायूवर चालली म्हणून तिच्या दारी रांग लागू नये असे नाही. रांग मोडते ती इंधनाने नव्हे. आपल्या घरी सारे काही आहे, दुसऱ्याच्या दाराशी जाण्याची गरज उरली नाही, असे आपणांस वाटू लागते तेव्हा ती मोडते.

खरड सोडण्याच्या आदल्या दिवशी मी दोन किलो आटा, किलोभर तूप आणि किलोभर साखर घेऊन त्या भट्टीपुढे उभी राहिले. दीड तास लागला. तेवढ्या वेळात एका अनोळखी बाईने मला तिच्या सुनेची सारी हकीकत सांगितली, आणि मी तिला चिरोट्याचा साटा समजावून दिला. भरलेला डबा घेऊन आगगाडीने पुण्यास आले. त्यांतली चार बिस्किटे मी घरच्या देव्हाऱ्यासमोर, आजीच्या तसबिरीपुढे ठेवली. पीठ कोणाचे, तूप कोणाचे, हे तिला सांगता आले. आग कोणाची हेही मी सांगितले.